दादाचा वळणदार टॉवर: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

दादा (नागपूर): फोटो पाठवले, सगळ्यांनी पाहा. पूर्ण बिल्डिंग लाटेसारखी वळते, विसेक मजले आहेत, वरचा एक 2 बीएचके आम्हा दोघांना आवडला. टोकन द्यायच्या आधी घरच्यांचं मत घ्यावं म्हटलं.

मोठे काका (आर्वी): बाहेरून चांगली दिसते, नाई म्हणत नाई. पण बापू, गोल भिंतीले लोखंडी कपाट टेकते का? मांगं फट राह्यते, तिथं सारा कचरा साचते. अन् देवघराले ईशान्य कोपरा पाह्यजे तं ह्या घराले कोपराच दिसून नाई राह्यला मले.

आत्या (पुलगाव): मले तं लय आवडली. नागपुरात जाऊन पाहा, साऱ्या बिल्डिंगा एकाच साच्यातल्या, कोणती कोणाची ओळखू येत नाई. जलमभर हप्ते भरतो माणूस, तं घराकडं पाहून जीव हरखला पाह्यजे ना.

मामा (पांढरकवडा): सेंट्रिंगचं काम करणाऱ्याच्या नजरेनं सांगतो. सरळ स्लॅबची प्लाय एका मजल्यावरून काढली का वरच्यावर तशीच लागते, गोलाईले ती कापा लागते, सळाख वळवा लागते, टाइल्स वाया जातात, अन् हा सारा खर्च फ्लॅटच्या भावातच येते. मजबुतीची मात्र काळजी करू नोको. विहीर आपण गोलच बांधतो, मातीचा दाब चहूबाजूनं सारखा येते म्हणून.

ताई (वर्धा): मामा, खर्चाचं तुमचं एकदम बरोबर. पण विहिरीचं उदाहरण इथं बसत नाही, उंच बिल्डिंगला दाब वाऱ्याचा असते, अन् वारा बिल्डिंगच्या कडेनं भोवरे सोडत जाते, ते वरपासून खालपर्यंत एकाच ठेक्यात सुटले का बिल्डिंग हलते. म्हणून बुर्ज खलिफाचा आकार वर जाताना बदलत नेला, ठेका जमूच नये यासाठी. पण विसेक मजल्याच्या टॉवरमध्ये वाऱ्यासाठी असं वळण द्यायची गरज सहसा पडत नाही, तिथं ते दिसण्यासाठीच असते, अन् त्यात वाईट काही नाही, आत्याचं म्हणणं मलाही पटते. कॅनडात मिसिसागाला कमरेत मुरडलेले दोन टॉवर आहेत, 2012 मध्ये पूर्ण झाले, मोठा 56 मजल्यांचा, लोकांनीच त्याला मेरिलिन मन्रो या हॉलिवूडच्या नटीचं नाव ठेवलं, अन् पहिल्याला इतकी मागणी आली की बिल्डरनं दुसराही त्याच आर्किटेक्टकडून करून घेतला. तेव्हा लोकांना वळण आवडत नाही असं नाही.

ताई (वर्धा): दादा, तू फक्त एक पाहा, वळण बाल्कनीत आहे का खोलीत. शिकागोचा ॲक्वा टॉवर, जीन गँग या बाईनं डिझाइन केला, बाहेरून सारा लाटालाटांचा दिसते, पण लाट फक्त पुढं आलेल्या स्लॅबमध्ये आहे, काचेच्या आतल्या खोल्या सरळ आहेत. अन् त्याच शहरात मरिना सिटी आहे, 65 मजल्यांचे दोन गोल टॉवर, लोक त्याला मक्याचं कणीस म्हणतात, तिथं खोल्या आत अरुंद अन् बाहेरच्या बाजूला रुंद होत जातात, काटकोन मिळणं मुश्कील. काका म्हणतात ती कपाटाची अडचण तिथं खरी आहे. तुझा टॉवर यातला कोणता, ते फोटोवरून नाही समजत, मापं टाकलेला प्लॅन लागते.

दादा (नागपूर): ब्रोशरमध्ये तर बेडही ठेवलेला दाखवला आहे, मस्त बसते.

ताई (वर्धा): ब्रोशरमधला बेड लहान काढलेला असू शकते रे. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर प्रोजेक्ट शोध, मंजूर नकाशा तिथं मिळते. अन् रेराच्या कायद्यात कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेत, बाल्कनी धरत नाहीत, म्हणून वळणदार बाल्कनी केवढीही मोठी असो, कार्पेटचा आकडा वेगळा लिहून घे. पण खोलीतला वाकडा कोपरा, जिथं काहीच ठेवता येत नाही, तो कार्पेटमध्ये मोजला जाते, त्याचे पैसे तू भरशीन.

मोठे काका (आर्वी): हेच तं मी म्हणून राह्यलो होतो ना! पैसा कोपऱ्याचा अन् उपयोग शून्य.

वहिनी (नागपूर): काकाजी, मला उन्हाचीच जास्त काळजी आहे. हॉल पश्चिमेला आहे अन् समोर पूर्ण काच.

ताई (वर्धा): वहिनी, हे सगळ्यात आधी पाहायला पाहिजे. काच आतल्या बाजूनं खोलगट वळली असली तर ऊन एका जागी गोळा होते, लंडनमध्ये 2013 ला एका ऑफिस टॉवरच्या अशाच काचेनं खाली उभ्या कारचे भाग वितळले होते. बाहेर फुगलेल्या काचेला तो धोका नाही, पण आपल्याकडं मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते, पश्चिमेची उघडी काच कशीही वळवा, घर तापणारच. ब्राझीलमध्ये साओ पावलोला कोपान नावाची एस आकाराची बिल्डिंग आहे, 1966 ची, हजारावर फ्लॅट आहेत, तिला बाहेरून काँक्रीटचे आडवे पट्टे दिलेत ऊन अडवायला. म्हणजे गोलाई अन् सावली दोन्ही जमते, बिल्डरनं छज्जा द्यायला पाहिजे फक्त.

मामा (पांढरकवडा): छज्जा किती बाहेर आहे ते फूटपट्टीनं मोजजो, सेल्सवाल्याच्या तोंडाचं धरू नोको.

आत्या (पुलगाव): म्हंजे घेऊ नोको म्हणता का सारे?

ताई (वर्धा): नाही आत्या. पूर्वेच्या बाजूचा फ्लॅट असन, खोल्या चौकोनी असन अन् वळण बाल्कनीपुरतं असन तर खुशाल घ्यावा, मी स्वतः घेतला असता. पश्चिमेचा अन् वाकड्या बेडरूमचा असन तर त्याच पैशात सरळ टॉवरमध्ये मोठा मिळन.

दादा (नागपूर): ठीक आहे, टोकन थांबवतो. शनिवारी दुपारी चारला साइटवर जातो, ऊन तेव्हाच समजन. मामा, तुम्ही येता का?

मामा (पांढरकवडा): येतो. टेप मी आणतो.