मदत हवी आहे: फसवून गळ्यात मारलेले शेअर परत करता येतात का?

मांजराकाठ
दीड लाख अडकलेत. गावात बैठक घेऊन सांगितलं, सोयाबीन तेलाची मिल चालू झालीय, अनुदान मंजूर आहे. पत्रकावर मिलचा फोटो बी होता. काल जाऊन आलो. नुसता पत्र्याचा शेड अन् बाभळी! फोटो दुसऱ्याच मिलचा निघाला. चेअरमन म्हणतो, "ही ठेव नाही, शेअरचे पैसे परत नसतात." लवकर सांगा.

तेजीमंदी
विकून मोकळे व्हा. पडता शेअर मी दोन दिवस ठेवत नाही.

मांजराकाठ
कुणाला विकू? कागदाचं सर्टिफिकेट आहे हो.

गोदाकाठी
कंपनी की सहकारी संस्था? सहकारी असेल तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ९१, सहकार न्यायालय.

मांजराकाठ
शेतकरी उत्पादक कंपनी. लिहायचं राहिलं.

बालाघाटचा_गडी
सरळ पोलिसात जा, एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा कायदा) लावायला सांगा. मेव्हण्याचे पैसे तसेच निघाले.

धारूरची_वकीलीण
मेव्हण्याची ठेव असेल. एमपीआयडी ठेवीदारांसाठी आहे, भागभांडवलाला लागत नाही. गुन्हाच नोंदवायचा तर कंपनी कायदा २०१३ चं कलम ३६ बघा: खोटं सांगून पैसे गुंतवायला लावणं. शिक्षा कलम ४४७ खाली, १० वर्षांपर्यंत.

पण दादा, तुम्हाला पैसे हवेत ना? करार कायदा १८७२, कलम १७ आणि १९. फसवून संमती घेतली असेल तर करार रद्द करायचा हक्क फसलेल्याचा. तो आपोआप रद्द होत नाही, तुम्हाला करावा लागतो. खोटं कळल्यावर लाभांश घेतला, सभेत मत दिलं, शेअर विकायला काढले, तर तुम्ही व्यवहार मान्य केला असं धरतात. म्हणून वर दिलेला विकायचा सल्ला ऐकू नका. मुदत कळल्यापासून ३ वर्षं, पण तेवढं थांबू नका. कंपनी अवसायनात (बंद करून हिशेब मिटवायला) निघाली की तिचे घेणेकरी, म्हणजे तिच्याकडून पैसे येणं असलेले, पुढे येतात आणि हा हक्क जातो. इंग्लंडमधला १८६७ चा ओक्स विरुद्ध टर्कंड निकाल याच मुद्द्यावरचा.

पोचपावतीसह स्पीड पोस्टानं नोटीस द्या: करार रद्द केला, सभासद नोंदवहीतून नाव काढा, पैसे द्या. ऐकलं नाही तर कंपनी कायद्याच्या कलम ५९ खाली एनसीएलटी (कंपन्यांचं न्यायाधिकरण), मुंबई.

बालाघाटचा_गडी
मुंबईच्या खेपा घालण्यात उरलेले बी जातील. पोलिसाची गाडी दारात आली की चेअरमन हातपाय पडतो.

निवांत_नळदुर्ग
२०२४ ला केंद्रानं सोयाबीन खरेदीत ओलावा १२ वरून १५ टक्के केला होता, यंदाचं काय? कुणाला माहीत आहे का?

गोदाकाठी
वेगळा धागा काढा की राव. मांजराकाठ, केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवर १०० रुपये भरून कंपनीचा ताळेबंद बघा. मिलची यंत्रं त्यात दिसतात का ते कळेल.

धारूरची_वकीलीण
शेअर सगळे कंपनीकडूनच घेतलेत ना? अन् शेडची गोष्ट खरंच कालच कळली?

मांजराकाठ
चुलतभाऊ दिवाळीतच म्हणला होता तिथं काही नाही म्हणून. मी मनावर घेतलं नाही. त्यानंतर सभेला गेलो, चहा पिऊन आलो, हात वर केला का आठवत नाही. अन् एक लाखाचे कंपनीकडून, पन्नास हजारांचे काकाकडून नावावर करून घेतलेत.

धारूरची_वकीलीण
सभेच्या इतिवृत्ताची प्रत आजच मागा. पन्नास हजारांचा करार कंपनीशी नाही, काकाशी आहे. ते रद्द करायचे तर नोटीस काकाला.

मांजराकाठ
काका वरच्या मजल्यावर राहतो. स्पीड पोस्ट पोस्टमन माझ्याच हातात देईल.