मदत हवी आहे: रूट कॅनलमध्ये धुण्याचं औषध मुळाबाहेर जाऊ नये म्हणून डॉक्टरांना काय विचारू?

नमस्कार. आईच्या वरच्या दाढेची रूट कॅनल करायची आहे आणि ती खुर्चीत बसायलाच तयार नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूच्या दाढेत सिरिंज दाबली गेली आणि भूल दिलेली असूनही ती किंचाळली. दाढेतून रक्त आलं, घरी पोचेपर्यंत गाल डोळ्यापर्यंत सुजला, सकाळी पापणीखाली जांभळं पडलं होतं. धुण्याचं औषध, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मुळाच्या टोकातून बाहेर गेलं, असं नंतर कळलं. चेहरा नीट व्हायला तीन आठवडे लागले.

हे औषधच नको, सलाइनने धुवा, असं सांगू का? की सुईऐवजी अल्ट्रासॉनिक (सूक्ष्म कंपनांनी धुण्याची) किंवा सक्शनची पद्धत मागू? दात काढायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद:
मी रूट कॅनलचंच काम करते. आईंची भीती अगदी रास्त आहे, पण औषध नाकारू नका. सलाइन जंतू मारत नाही. क्लोरहेक्सिडीन हे दुसरं जंतुनाशक मारतं, पण कुजलेला पल्प (दाताच्या आतला मऊ भाग) विरघळवत नाही. ते काम हायपोक्लोराइटच करतं. ते ०.५ ते ५.२५ टक्के वापरतात. सौम्य घेतलं तरी जोराने मुळाबाहेर गेलं तर त्रास होतोच, म्हणून खरी काळजी सुईची.

टोक बंद आणि बाजूला भोक असलेली, ३० गेजसारखी बारीक सुई हवी. मी तिच्यावर रबरी खूण कॅनलच्या (मुळातल्या नळीच्या) लांबीपेक्षा दोन मिलिमीटर अलीकडे लावते. सुई कॅनलमध्ये अडकू द्यायची नाही, सतत वरखाली हलवायची, आणि दट्ट्या अंगठ्याने न रेटता तर्जनीने हळू दाबायचा. आत गेलेलं औषध वर परत येताना दिसलं पाहिजे. येत नसेल तर मी तिथेच थांबते.

सक्शनच्या पद्धतीत द्रव टोकाकडून ओढून घेतला जातो, त्यामुळे बाहेर जाण्याची शक्यता सर्वांत कमी. सोय असेल तर जरूर मागा. अल्ट्रासॉनिकने कानाकोपरे छान निघतात, पण द्रव भरायला बहुधा सुई लागतेच.

मागचा प्रकार आधीच सांगा. मुळाचं टोक उघडं किंवा झिजलेलं आहे का, हे एक्स-रेत पाहायला सांगा. रबर डॅमचा, म्हणजे दाताभोवती लावायच्या रबरी पडद्याचा, आग्रह धरा. आणि आईंना सांगा, जरा जरी कळ आली तरी डावा हात वर करायचा. हात दिसताच सिरिंज थांबेल, हे डॉक्टरांकडून आधी कबूल करून घ्या.