सिझेरियननंतर स्तनपानाला मदत कोणाकडे मागावी?

प्रश्न (खानापूर): माझ्या वहिनीचे सिझेरियन झाल्यावर तिला दूध आलेले नाही असे सांगून बाळाला लगेच पावडरचे दूध पाजण्यात आले. प्रसूतिगृहाकडून आम्ही नेमकी कोणती मदत मागायला हवी होती?

उत्तर (परिचारिका, निपाणी): पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक थोडाच येतो आणि निरोगी बाळाला बहुधा तेवढा पुरतो, त्यामुळे ‘दूध नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. कमरेत भूल दिलेली आई शुद्धीवर असते. तिची व बाळाची प्रकृती ठीक असेल तर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घेता येते, मात्र टाके दुखत असल्याने कुशीवर निजून किंवा बाळाला काखेखालून धरून पाजण्यासाठी कोणीतरी शेजारी थांबावे लागते. रात्रपाळीत नेमके तेच माणूस कमी पडते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

उत्तर (बेळगाव): 1992 च्या कायद्यानुसार पावडरच्या दुधाचे मोफत नमुने मातांना वाटता येत नाहीत, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

उत्तर (आशा कार्यकर्ती, चिकोडी तालुका): कन्नड न समजणाऱ्या बाळंतिणीला सूचना मराठीतून मिळाव्यात, असा आग्रह दाखल होतानाच धरावा. मध चाटवू पाहणाऱ्या आजीबाईंनाही त्याच वेळी समोर बसवावे.