‘आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा’ : आपल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सचिव (ए-१०१): सकाळी ग्रुपवर आलेली ‘यूएसडीटी ट्रेडिंग, रोज २ टक्के’ ही लिंक काढून टाकली आहे. (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं.) कोणी उघडली असेल तर सांगा. संकोच नको.

वैशाली (सी-३०४): ही नाही उघडली, पण विचारायचंच होतं. माझ्या नणंदेकडे असंच एक ॲप आहे. खात्यात १४ लाख दिसतात. काढायला गेलं की म्हणतात, आधी ३० टक्के टॅक्स भरा, म्हणजे ४ लाख २० हजार. सरकारचा ३० टक्के टॅक्स तर खराच आहे ना? ती भरायला निघालीय.

मेघना, सीए (बी-७०४): वैशालीताई, आधी नणंदेला फोन लावा आणि पैसे थांबवा. बाकीचं नंतर वाचा.

वैशाली (सी-३०४): केला. थांबलीय. पण का ते सांगा, ती ऐकत नाहीये.

मेघना, सीए (बी-७०४): क्रिप्टोवरचा कर खरा आहे, म्हणून तर थाप पचते. १ एप्रिल २०२२ पासून तो लागू झाला, तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीएचखाली, ३० टक्के आणि वर सेस. पण तो नफ्यावर लागतो, खात्यात दिसणाऱ्या अख्ख्या शिल्लकीवर नाही. इथे त्यांनी १४ लाखांचे सरळ ३० टक्के काढलेत, नणंदेने घातलेलं मुद्दलसुद्धा त्यात धरलंय. आणि हा कर आपण स्वतः आयकर खात्याला भरतो, चलनाने किंवा रिटर्न भरताना. एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं ॲप चालवणारी कंपनी, तो गोळा करत नाही.

एक्सचेंज कापतं तो १ टक्का टीडीएस. तो १ जुलै २०२२ पासून आला, तेव्हाच्या कायद्याच्या कलम १९४एसखाली. तोही विक्रीच्या रकमेतूनच वळता होतो आणि आपल्या पॅनवर २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या कर-जमा तक्त्यात, दिसतो. काही महिने ‘ट्रेडिंग’ चाललंय, विक्री झाल्याचंही ॲप दाखवतंय आणि २६एएस कोरं आहे, तर ते ॲप इथले नियम पाळणारं नाही एवढं नक्की.

नणंदेला पटत नसेल तर त्यांच्या ‘कस्टमर केअर’ला एकच वाक्य लिहायला सांगा : १४ लाखांतून ४ लाख २० हजार कापून घ्या आणि उरलेले ९ लाख ८० हजार पाठवा. उत्तर काय येतं ते इथे टाका.

वैशाली (सी-३०४): “सिस्टीममध्ये तशी सोय नाही, खातं २४ तासांत गोठेल.”

मेघना, सीए (बी-७०४): झालं तर मग. उद्या भरलेच असते तर परवा ‘मनी लाँडरिंग क्लिअरन्स’चे मागितले असते, मग ‘व्हीआयपी चॅनेल’चे. पैसे बाहेर काढण्यासाठी बाहेरून पैसे आणायला लावतात तिथे आत काहीच नसतं.

वैशाली (सी-३०४): पण सुरुवातीला तिने ५ हजार काढले होते. बँकेत आले. म्हणून तर पुढचे घातले.

निखिल (बी-१२०२): ते ५ हजार म्हणजे आमिष, वैशालीताई. बँक स्टेटमेंटमध्ये ते कोणाच्या नावावरून आलेत बघा. कंपनीचं नाव नसेल, कुठल्या तरी ‘ट्रेडर्स’ किंवा ‘एंटरप्रायझेस’चं किंवा चक्क एखाद्या माणसाचं असेल. तसंच, पैसे भरताना दरवेळी खातं किंवा यूपीआय आयडी बदलत होता का? खरं एक्सचेंज असं करत नाही.

ॲपमधले भाव मात्र बऱ्याचदा खरे असतात, त्यामुळे लोक फसतात. बिटकॉइनचा चालू भाव कोणालाही फुकट मिळतो. तो स्क्रीनवर आणायचा आणि शेजारी आपल्या मनाने शिल्लक लिहायची, बस. १४ लाख हा त्यांच्या सर्व्हरवरचा एक आकडा आहे. ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं की टेलिग्रामवर आलेली एपीके फाइल, म्हणजे स्टोअरला वगळून थेट फोनमध्ये टाकायची, होती?

वैशाली (सी-३०४): एपीके. ‘मॅडम’ने पाठवली म्हणे. मॅडमची ओळख एका गुंतवणूक ग्रुपमध्ये झाली.

निखिल (बी-१२०२): अंदाज होताच. आयफोन असता तर टेस्टफ्लाइटची, म्हणजे चाचणीतली ॲप टाकायच्या सोयीची, लिंक दिली असती. त्या ग्रुपमधले ‘मला ४० हजार नफा’ लिहिणारे बहुतेक सगळे त्यांचेच.

अरविंद काका (ए-५०३): बँकेच्या बाजूने सांगतो. ते आलेले ५ हजार निरुपद्रवी समजू नका. ते बहुधा दुसऱ्या कोणा फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत एकेक खातं पकडतात आणि त्या साखळीत नणंदेचं खातंही येतं. खातं गोठवताना पोलीस आता सहसा बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १०६ लावतात, पूर्वी सीआरपीसी १०२ होतं. तक्रार कुठल्या राज्यातली असेल याचा भरवसा नाही.

रोहन (सी-९०१): काका, सगळंच क्रिप्टो फ्रॉड असं वाटेल लोकांना. नोंदणी असलेल्या एक्सचेंजवर घ्या, प्रश्न मिटला. पी-टू-पीमध्ये, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला विकताना, तर यूएसडीटीला दरही चांगला मिळतो.

अरविंद काका (ए-५०३): रोहन, पी-टू-पीमध्येच जास्त खाती अडकतात रे. तू यूएसडीटी विकलेस, समोरच्याने रुपये पाठवले. ते रुपये चोरीचे असतील तर त्याच्याकडे तुझे यूएसडीटी आणि तुझ्याकडे त्याची भानगड. बाजारभावापेक्षा जास्त दर कोणी का देतं, याचा विचार कर. पाठवणाऱ्याचं बँकेतलं नाव आणि केवायसीतलं नाव जुळत नसेल तर पैसे परत पाठव, यूएसडीटी सोडू नको. ‘भावाच्या खात्यातून पाठवतो’ म्हणाला तरी नाही.

आणि खातं गोठलंच तर शाखेत जाऊन भांडू नये. बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्यायच्या : तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि ईमेल, अडवलेली रक्कम. मग त्या ठाण्याला ऑर्डरचा तपशील आणि चॅट पाठवायचं. पुष्कळदा वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक ठेवून बाकी खातं खुलं करून मिळतं, पण ते आपणहून मागावं लागतं.

मेघना, सीए (बी-७०४): रोहन, नोंदणीबद्दल. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्सचेंज पीएमएलए या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आली आणि एफआययू-इंडिया या सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी नसलेल्यांपासून दूर राहायचं, हे बरोबर. पण ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे, ठेवींच्या विम्यासारखं काही नाही. वझीरएक्स हे भारतातलं एक्सचेंज नोंदणी असलेलंच होतं. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले.

शुभांगी (ए-२०४): टेलिग्रामवर एकाने त्याच्या क्रिप्टो वॉलेटचे १२ शब्द (वॉलेट उघडायची गुप्त किल्ली) टाकलेत आणि ‘मला जमत नाही, मदत करा’ म्हणतोय. आत यूएसडीटी दिसतात. हा वेडा की काय?

निखिल (बी-१२०२): हा प्रकार भारी आहे. तो वेडा नाही, तो आपल्यातला चोर शोधतोय. 😀 ते ट्रॉन या क्रिप्टो नेटवर्कवरचं वॉलेट असेल, पत्ता टी अक्षराने सुरू होणारा, ३४ अक्षरांचा. यूएसडीटी हलवायला शुल्क लागतं ते टीआरएक्स या ट्रॉनच्या नाण्यात, आणि तिथे टीआरएक्स शून्य ठेवलेलं असतं. माणूस विचार करतो, थोडं टीआरएक्स टाकू आणि सगळं उचलू. टाकलं की तेच जातं. कारण त्या खात्याच्या परवानग्या आधीच बदललेल्या असतात, सही करायचा हक्क दुसऱ्याच किल्लीकडे असतो. ट्रॉनस्कॅन या ट्रॉनचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर पत्ता टाकून परवानग्यांचं पान उघडा, तिथे दुसरा पत्ता मालक म्हणून दिसेल.

याच्या उलटही होतं. १२ शब्द कोणी मागितलेच नाहीत आणि तरी वॉलेट रिकामं. ‘फुकट टोकन मिळतंय, वॉलेट जोडा’ म्हणतात आणि आपण ज्याला होकार देतो ती अमर्याद रक्कम काढण्याची परवानगी असते. वॉलेट नुसतं ‘डिसकनेक्ट’ केलं तर ती परवानगी तशीच राहते. इथेरियम नेटवर्कवर असेल तर इथरस्कॅन साइटच्या टोकन ॲप्रूव्हल पानावर जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, त्याला थोडं शुल्क पडतं. १२ शब्दच फुटले असतील तर रद्द करत बसू नका, नवं वॉलेट काढून उरलंसुरलं तिकडे हलवा.

आणखी एक, पाठवताना जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. सुरुवातीची आणि शेवटची चार-पाच अक्षरं सारखी असलेला खोटा पत्ता मुद्दाम त्या यादीत घुसवतात. मधली अक्षरंही जुळवा.

अरविंद काका (ए-५०३): पुण्याच्या लोकांना गेनबिटकॉइन ही फसवी योजना आठवत असेल. दरमहा १० टक्के, १८ महिने. लोकांनी बिटकॉइन दिले आणि परताव्यात शेवटी कंपनीचं स्वतःचं एमकॅप नावाचं नाणं मिळालं, ज्याला बाजारात किंमतच उरली नाही. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. तेव्हा महिन्याला १० टक्के होतं, आज रोज २ टक्के म्हणतायत!

वैशाली (सी-३०४): नणंदेला पटलं. ॲप डिलीट करते म्हणतेय.

निखिल (बी-१२०२): नाही! थांबवा तिला. आधी ॲपमधली शिल्लक, भरलेल्या रकमांची यादी, त्या मॅडमचं टेलिग्राम नाव आणि आयडी, पूर्ण चॅट, सगळ्याचे स्क्रीनशॉट. चॅट समोरूनही पुसता येतं, म्हणून आत्ताच. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावलं होतं का? असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने काढा.

अरविंद काका (ए-५०३): आणि लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच उपयोग. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूटीआर (व्यवहाराचा बँक क्रमांक) जवळ ठेवा. यूपीआयचा १२ आकडी असतो. फोननंतर क्रमांक येतो, तो घेऊन २४ तासांत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर पूर्ण तक्रार भरायची. कुठे थेट क्रिप्टो पाठवलं असेल तर पत्ता आणि ६४ अक्षरी व्यवहार हॅशही (क्रिप्टो व्यवहाराचा क्रमांक) द्या. यूएसडीटी बाजारात आणणारी टेदर कंपनी पत्ता गोठवू शकते, पण आपल्या ईमेलवर नाही, पोलिसांकडून गेलं तर.

बँक भरपाई देईल या आशेवर राहू नका. पिन स्वतः टाकलाय, त्यामुळे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा नियम इथे लागत नाही.

मेघना, सीए (बी-७०४): आधार-पॅनचे फोटो दिले असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि महिन्याभराने सिबिल अहवाल (आपल्या कर्जांची नोंद) बघा, नावावर कर्ज निघालंय का ते. ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारे वकील, हॅकर, ‘सायबर अधिकारी’ आता येतील. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तेही आधी फीच मागतील.

सचिव (ए-१०१): अनोळखी नंबर ग्रुपमध्ये येऊ नयेत म्हणून ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश बंद केला आहे.

वैशाली (सी-३०४): १९३० लागला. यूटीआर विचारतायत. चार वेळा भरलेत, शेवटचा काल रात्रीचा. सगळे द्यायचे की फक्त कालचा?

अरविंद काका (ए-५०३): चारही द्या, पण कालचा सगळ्यात आधी सांगा. अडवता येण्यासारखे तेच असतील.