मदत हवी आहे: जुनं सिलिंडर हेड आणलंय, क्रॅक कसा तपासू?

सिंहगडरोडवाला:
नाना पेठेतून वापरलेलं हेड (इंजिनच्या ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) आणलंय. डोळ्यांना तरी क्रॅक दिसत नाही. गॅरेजवाला शनिवारी बसवतो म्हणतोय. गॅस्केट, हेड बोल्ट, टायमिंग किट सगळं नवीन आहे. नंतर क्रॅक निघाला तर परत सगळं उघडावं लागेल. घरच्या घरी तपासता येतं का? लवकर सांगा, गाडी उभी आहे.

फीलर_गेज:
कुठली गाडी? पेट्रोल की डिझेल? हेड अ‍ॅल्युमिनियमचं की बिडाचं? व्हॉल्व्ह काढलेत का? आणि मुळात आधीचं हेड का बदलताय?

सिंहगडरोडवाला:
स्विफ्ट डिझेल. हेड स्वच्छ धुवून आणलंय. कसं तपासायचं तेवढं सांगा ना.

बीडकाम:
मॅग्नाफ्लक्स करून घ्या. चुंबक लावायचं, वर लोखंडाची बारीक पावडर फुंकायची. क्रॅक असेल तिथे पावडर रेघ धरते. ट्रॅक्टरच्या हेडला हीच टेस्ट चालते, पाच मिनिटांचं काम. फक्त चुंबक दोन दिशांनी फिरवा, कारण चुंबकाच्या रेषांना समांतर असलेला क्रॅक दिसत नाही.

फीलर_गेज:
ट्रॅक्टरचं हेड बिडाचं असतं. स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर मल्टीजेट इंजिनचा ब्लॉक बिडाचा, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. त्याला चुंबक धरतच नाही. इथे डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे क्रॅकमध्ये शिरणारा रंग लावून) नाहीतर प्रेशर टेस्ट.

पेठेतला_लेथ:
डीपी घरी करता येते. क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर असे तीन डबे मिळतात. आधी व्हॉल्व्ह, ग्लो प्लग (गार इंजिन सुरू करताना चेंबर तापवणारे) काढा, चेंबरमधला कार्बन पूर्ण घालवा. पेनिट्रंट मारून १५-२० मिनिटं ठेवा. पुसताना क्लीनर कापडावर घ्या. थेट हेडवर फवारलात तर क्रॅकमधला रंगही धुऊन जातो. मग २५-३० सेंमीवरून डेव्हलपरचा पातळ थर द्या आणि १० मिनिटं लक्ष ठेवा. सलग लाल रेघ म्हणजे क्रॅक, सुटे ठिपके म्हणजे बहुतेक ओतकामातली छिद्रं. दोन व्हॉल्व्ह सीट्समधली (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडांमधली) पट्टी आणि सीट ते ग्लो प्लगचं भोक, या दोन जागा नीट बघा.

आणि हेड धुतलं कशाने? कॉस्टिकमध्ये टाकलं असेल तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलं असेल. सँड ब्लास्टिंग केलं असेल तर त्याहून वाईट, धातू पसरून क्रॅकचं तोंड मिटतं आणि डीपीत काहीच दिसत नाही.

डिझेलप्रेमी:
एवढं कशाला? हेड उलटं ठेवा, चेंबरमध्ये डिझेल भरा, अर्ध्या तासाने पोर्टमध्ये (हवा-धुराच्या वाटेत) उतरलं का बघा.

पेठेतला_लेथ:
त्यातून व्हॉल्व्ह सीटवर बसतोय का एवढंच कळतं. केसाएवढा क्रॅक गार हेडमध्ये बऱ्याचदा मिटलेला असतो, डिझेल त्यातून उतरत नाही.

भोसरी_टूलरूम:
हाच मुद्दा आहे. डीपी फक्त पृष्ठभाग दाखवते. क्रॅक वॉटर जॅकेटमधून (हेडमधल्या कुलंटच्या वाटांतून) पोर्टच्या आत फुटला असेल तर तिथे ना डबा पोचतो ना नजर. म्हणून गरम पाण्यातली प्रेशर टेस्टच करा. पाण्याच्या वाटा रबर आणि प्लेटने बंद करून जॅकेटमध्ये २ ते ३ बार हवा भरतात आणि हेड ७०-८० अंशांच्या पाण्यात बुडवतात. हेड पूर्ण तापू द्या, मग १०-१५ मिनिटं बुडबुडे बघा. सुरुवातीला अडकलेली हवा सुटते, ती मोजू नका. एकाच जागेवरून सतत येणारे धरायचे. कोअर प्लगच्या (ओतकामाची भोकं बंद करणाऱ्या टोपीच्या) कडेने आले तर फक्त प्लग बदला, हेड टाकू नका.

क्रम सोडू नका: साफसफाई, प्रेशर टेस्ट, मगच सीट कटिंग आणि फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं). बरेच जण आधी फेसिंग करून घेतात आणि क्रॅक निघाला की ते पैसे बुडतात.

कोथरूड_डीआय:
सीट्समधली बारीक रेघ चालते, उगाच घाबरवू नका.

भोसरी_टूलरूम:
फोक्सवॅगनच्या काही डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये ०.५ मिमीपर्यंतची रेघ चालते असं दिलंय. ती सूट त्याच इंजिनांपुरती. दुसऱ्या कंपनीच्या हेडला तो आकडा लावू नका.

आरसी_बुक:
आरटीओची काळजी करू नका. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेड बदललं तर आरसीत नोंद लागत नाही.

फीलर_गेज:
आधीचं हेड का काढलं, ते अजून सांगितलं नाहीत.

सिंहगडरोडवाला:
कुलंट कमी होत होतं, बाहेर गळती नाही. एकदा काटा लालपर्यंत गेला होता. गॅरेजवाल्याने हेडच गेलं म्हणून सांगितलं. तपासलं नाही.

फीलर_गेज:
मग दोन्ही हेडं एकाच वेळी टेस्टला द्या, आधीचं ठीकही निघेल. तुमच्या मॉडेलला ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर कुलंटने गार करणारा भाग) असेल तर तोही प्रेशरने तपासा. आतून फुटला तर कुलंट असंच बाहेर न दिसता जातं. ब्लॉकच्या फेसवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवून लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरक्या रेषांत ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायचं पातळ पातं) जातो का बघा. जात असेल तर आधी मॅन्युअलमधली मर्यादा बघा, मगच बसवायचं ठरवा. हेडलाही तसंच. डिझेलला फेसिंग मॅन्युअलमध्ये परवानगी असल्याशिवाय करू नका, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं.

सिंहगडरोडवाला:
शनिवार रद्द करतो. टेस्टला देताना व्हॉल्व्ह, ग्लो प्लग बसवून न्यायचे का?

भोसरी_टूलरूम:
नाही, सगळं काढून न्या. पोर्ट आणि भोकं उघडी असली तरच बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. व्हॉल्व्ह मात्र क्रमाने खुणा करून ठेवा, आणि टेस्टवाल्याकडे मल्टीजेटची प्लेट आहे का ते आधी फोनवर विचारा.