शब्द हवा आहे: काही न ठरवता, स्वतःपुरतं वाजवणे

लेखणी: गिटार शिकवणाऱ्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. त्यात रोजच्या वेळेचे तीन भाग केलेत. आधी सराव, मग गाणं बसवणं आणि शेवटची दहा मिनिटं ‘नूडलिंग’. म्हणजे गाणं नाही, सराव नाही, मैफिलीत ऐनवेळी सुचणारी उपजही नाही. बोटं जातील तिकडे जाऊ द्यायची. गळ्यासाठी ‘गुणगुणणे’ आहे, हातासाठी काय? पुनर्वाचकांनी ‘तारा छेडणे’ सुचवलंय, पण ते मला पटत नाही.

जवारी: ‘छेडणे’ मुळीच नको. तानपुरा छेडतात तेव्हा काय होतं ते बघा. मधल्या बोटाने पंचम, मग तर्जनीने जोडाच्या दोन तारा आणि खर्ज. हाच क्रम, हेच अंतर, हाच जोर, गाणं संपेपर्यंत. बोट जरा जोरात ओढलं गेलं की ती तार आसेतून, म्हणजे तारांच्या सलग गुंजनातून, वेगळी ऐकू येते आणि गायकाचं लक्ष मोडतं. भटकायला तिथे तसूभरही जागा नाही. तुमच्या अर्थाच्या हे बरोबर उलट आहे.

पांढरी चार: ‘आळवणे’ घ्या की.

जवारी: आळवण्याला समोर कुणीतरी लागतं. देव किंवा राग. इथे समोर कुणीच नाही.

भाता: पेटीवाले ‘बोटं फिरवणे’ म्हणतात. ‘जरा पेटीवर बोटं फिरवत होतो.’ तबल्याकडे ‘हात मोकळा करणे’ आहे, पण ती तयारी झाली. तिरकिट, धिरधिर असे बोल संथ लयीत घोटायचे, म्हणजे पुढे द्रुत वाजवताना हात आखडत नाही. त्याला हेतू आहे.

शब्दशोधक: ‘बोटांचा चाळा’ का नको? हातचाळा शब्द रुळलेला आहेच. चळणे, चाळवणे, चाळा अशी ही साखळी. घुंगरांचे चाळ त्याच घरातले असावेत असं मला वाटतं.

जवारी: घुंगरांचे चाळ ओवलेल्या रांगेवरून आले असतील, हालचालीवरून कशाला? आणि चाळा नकळत होतो. पेनाचं टोपण उघडझाप करणं हा चाळा. वाजवणाऱ्याचा कान मात्र जागा असतो. नको तो स्वर आला की तो लगेच तिथून सरकतो.

मराठीचिया: ‘निर्हेतुक वादन’ किंवा ‘स्वांतसुखाय वादन’ असा नेमका शब्द घडवायला हवा. बोलीतलं काहीतरी उचलून पुस्तिकेत घातलं की परिभाषा कधीच तयार होत नाही.

भाता: ‘निर्हेतुक वादन’ कोण म्हणणार आहे? मराठीत याची सोय क्रियापदात आहे. ‘नुसतं वाजवत बसणे’. बोलत बसणे, बघत बसणे, तसं. नाम मागू नका, वाक्य फिरवा.

लेखणी: ‘बसणे’मध्ये वेळ दवडल्याचा ठपका येतो. ‘काय वाजवत बसलायस?’ मूळ मजकुरात ती दहा मिनिटं महत्त्वाची मानली आहेत. शिवाय मला मथळ्यासाठी नामच हवं आहे.

सहावी तार: महत्त्वाची का, ते गिटारवर लगेच कळतं. मोकळं वाजवायला सांगितलं की बहुतेकांचा हात पाचव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या पाचव्या पट्टीच्या) डब्यात, म्हणजे बोटांच्या ठरलेल्या चौकटीत जातो. सहाव्या तारेवर पाच-आठ, पुढच्या तिन्हींवर पाच-सात, शेवटच्या दोन्हींवर पाच-आठ. पंधरा दिवसांत बोटं तेवढंच बोलायला लागतात. उपाय साधा आहे. दहा मिनिटं एकाच तारेवर वाजवायचं, खालून वर. डबा आपोआप मोडतो आणि दोन स्वरांमधलं अंतर हाताला कळायला लागतं.

भाता: तो डबा म्हणजे धानी रागाचेच स्वर. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. पेटीवर काळी दोन (सप्तकातली दुसरी काळी पट्टी) सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवा, हेच येतं. त्याच पाच पट्ट्यांवर सा काळी तीन धरला की भूप, काळी चारवर मधमाद सारंग, काळी पाचवर मालकंस, काळी एकवर दुर्गा. पट्ट्या त्याच, सा सरकला की झालं. मूर्च्छना, म्हणजे हे सा सरकवणं, समजायला याहून सोपी वाट नाही, आणि बहुतेकांना ती अशी नुसती बोटं फिरवतानाच सापडते.

मराठीचिया: हे राग नव्हेत, रागांचे स्वर आहेत. भूपाचा गंधार पेटीवर शुद्ध स्थानापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर नाहीच. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. त्या बंदीमागे हेही आक्षेप होते.

भाता: मान्य. पण घरी एकटं वाजवणाऱ्याला मींडेआधी सा कुठे आहे ते ऐकू यायला हवं. त्यासाठी आधाराच्या सुराची खुंटी ओढून ठेवायची आणि भाता संथ, सलग ठेवायचा. हिसका बसला की आधारसूर उसळतो आणि कान त्याच्याच मागे जातो. अनेक पेट्यांत या खुंट्या काळ्या पट्ट्यांच्याच असतात, त्यामुळे पाचही प्रकार करता येतात.

पांढरी चार: मालकंसात पंचमच नाही, त्याला पंचमाची खुंटी चालणार नाही.

भाता: नाहीच. काळी पाच सा आणि काळी दोन मध्यम, अशा दोन ओढायच्या.

जवारी: इथे घोटाळा आहे. त्याच दोन खुंट्या धानीचे सा-प होतात. काळी दोन सा, काळी पाच पंचम. दोन्ही सारख्या घुमल्या की कान बहुधा काळी दोनवर जाऊन बसतो, कारण सा-पंचमाचा आधार जास्त ओळखीचा. मालकंस वाजवतोय असं समजून माणूस धानीत विसावे घ्यायला लागतो.

लेखणी: आणि मथळा?

भाता: ‘बोटं मोकळी सोडणे’ करून बघा. जवारी, काळी दोनची खुंटी पूर्ण बंद ठेवून एकट्या काळी पाचवर मालकंस टिकतो का?

जवारी: टिकतो, पण विसावा दर वेळी सा वर घ्यायला हवा. पहिली काही मिनिटं मध्यमावर थांबूच नका.