'नियंत्रित गट' की 'तुलना गट'?

पाणंद: सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांच्या वाचन उपक्रमाच्या अभ्यासाचा आराखडा मराठीत करायचाय. ज्यांना उपक्रम मिळत नाही त्या शाळांच्या गटाला, म्हणजे कंट्रोल ग्रुपला, सर्रास 'नियंत्रित गट' लिहितात. शिक्षकांना वाटतं, त्या शाळांवर कुणाचा तरी वचक. प्रत्यक्षात तिथे नेहमीचंच शिकवणं चालू राहणार. काय लिहावं?

सड्यावरचा: 'तुलना गट'. किंवा 'नियंत्रण शाळा'.

खाडीपलीकडे: 'शाळा' शब्द नकोच. मुंबई-बडोद्याच्या बालसखी अभ्यासात निम्म्या शाळांना बालसखी, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना शिकवणारी वस्तीतली तरुणी, दिली तिसरीसाठी, उरलेल्यांना चौथीसाठी. तीच शाळा एका इयत्तेत उपक्रमाची, दुसरीत तुलनेची. आणि 'तुलना' सैल आहे. हौसेने उपक्रम मागून घेणाऱ्या शाळा मुळात उत्साही. त्यांच्याशी शेजारची शाळा ताडली तर गुण कशाचा, कळणार नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडणार, हे नावात हवं.

पाणंद: 'यादृच्छिक तुलना गट'?

सड्यावरचा: यदृच्छा म्हणजे मनाला येईल तसं! 'रँडम' बरं.

खाडीपलीकडे: ती स्वेच्छा. यदृच्छा म्हणजे योगायोग. आणि 'रँडम' म्हणणारे हमखास डांबरी रस्त्यालगतच्या शाळा घेतात.

केंद्रशाळा: आधी चिठ्ठ्या कशाच्या ते ठरवा. शाळांच्या नको, केंद्रांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहांच्या, टाका. एका केंद्रातले शिक्षक शिक्षण परिषदेत भेटतात, तक्ते इकडचे तिकडे जातात, फरक पुसला जातो. शाळावार टक्केवारीची क्रमवारीही लावू नका. वाडीवरच्या शाळेचा पट 8 असेल तर एक मूल वाचू लागताच आकडा 12.5 ने चढतो, म्हणून यादीच्या दोन्ही टोकांना छोट्या शाळाच येतात. उत्तरचाचणी, म्हणजे उपक्रमानंतरची चाचणी, गणपतीच्या सुट्टीला चिकटून नको. गैरहजर राहणारी बहुधा कच्ची मुलं. ती गळली की सरासरी फुगते. त्यांच्यासाठी दुसरी फेरी मारा.

सड्यावरचा: 'उत्तरचाचणी' म्हणजे उत्तरांची चाचणी वाटते. 'अंतिम चाचणी' म्हणा.

केंद्रशाळा: 'अंतिम' म्हटलंत की वर्गात आठवडाभर सराव सुरू. मग काय मोजणार?

खाडीपलीकडे: आराखड्यात 'मूल्यांकन' आहे का? काढा. हिंदी आहे ते, आपलं 'मूल्यमापन'.

सड्यावरचा: दोन्ही संस्कृत. शासनाची 'नियतकालिक मूल्यांकन चाचणी' आहे, तिच्याच पोटात 'संकलित मूल्यमापन'.

खाडीपलीकडे: शासनाने लिहिलं म्हणून मराठी होत नाही. मूल्यांकन जमिनीचं होतं, मुद्रांक भरताना.